छताच्या वर पडलेलं ऊन

श्रावण आला की लोक प्रसन्न होतात. मला राग येतो. सकाळपासून फोनवर हिरव्यागार डोंगरांची चित्रं येऊन पडतात, खाली दोन ओळी ऊन-पावसाच्या खेळाबद्दल, आणि पाठवणारी माणसं सगळी पुण्या-मुंबईच्या बंद खिडक्यांच्या आत बसलेली. मी एकालाही उत्तर देत नाही. माझ्या नाकावर राग असतो असं घरातले म्हणतात, तर असू दे. साठी उलटल्यावर नाकावर ठेवायला दुसरं काही शिल्लक नाही, चष्मा सोडला तर.

आजही तसंच झालं. माजघरात फोडशीची रानभाजी निवडत बसले होते. बाहेर सर येऊन गेली, पागोळ्या थांबल्या, आणि वरच्या काचेच्या कौलातून उन्हाचा एक तुकडा धपकन माझ्यासमोर जमिनीवर पडला. फोडशीच्या जुडीवर आला, पातीचा हिरवा रंग क्षणभर पेटला, आणि ढग आल्याबरोबर गेला. कुणी म्हणेल, केवढं सुंदर. मी सुरी खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत बसले, कारण मला शाळेतलं ते छत आठवलं आणि भाजी निवडायची इच्छाच मेली.

ज्यांचा जन्म स्लॅबखाली गेला त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे मिठबावात जुन्या घरांना अजून मंगलोरी कौलं आहेत. पावसाळ्यात पडवीला समुद्राच्या बाजूने माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात, खिडक्या लावून घेतात, आणि मग घर पोटात घेतल्यासारखं काळोखं होतं. त्या काळोखात कामं करता यावीत म्हणून छपरावर अधूनमधून एखादं कौल काचेचं बसवतात. आकार तोच, घडण तीच, फक्त मातीच्या जागी काच. त्याच्यातून उजेड येतो, आणि ऊन असलं तर उन्हाचा चौकोन पडतो. तो सकाळी एका भिंतीकडून निघतो आणि दिवसभर जमिनीवरून सरकत दुसऱ्या भिंतीला जातो. माझी आई त्या चौकोनात पापड वाळवायची आणि पापडाचं ताट उन्हामागे ढकलत न्यायची. घड्याळ होतं घरात, पण भात कधी टाकायचा ते तिला हा चौकोन सांगायचा.

गावातल्या मराठी शाळेलाही अशीच कौलं होती. मी ह्याच शाळेत शिकले. नंतर कोल्हापुरात एका शाळेत वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली, निवृत्त झाले आणि घर उघडायला परत आले. घर उघडून झालं, झाडलोट झाली, आणि मग करायचं काय? गुरुजी घाटावरचे, एकटे सगळे वर्ग सांभाळणारे. त्यांना म्हटलं, दुपारनंतर पोरांना माझ्याकडे द्या, मी रंगाचं काहीतरी करून घेते. ते म्हणाले, "बाई, देव पावला." पोरं तरी किती! सगळे वर्ग एकाच खोलीत बसवले तरी जागा उरायची.

गेल्या वर्षीचा श्रावण हा त्या खोलीतला. त्याची सुरुवात अमीनाने केली.

अमीना चौथीत होती. तिचं घर बंदराकडच्या मोहल्ल्यात, बापूस होडीवर. अंगाने काटकुळी, आवाज मात्र भरतीसारखा. त्यांच्या घराच्या दारावर रंगीत काचांची अर्धगोल कमान आहे. कुणा पूर्वजाने गलबतं हिंडत असतानाच्या काळात आणलेली. निळी काच, हिरवी काच, पिवळी काच. मधली तांबडी काच फार पूर्वी फुटली आणि तिथे कुणीतरी पत्र्याचा तुकडा ठोकून ठेवलाय. एका दुपारी पोरांना मी विचारलं, तुमच्या घरातली सगळ्यांत सुंदर वस्तू कुठली? कुणी टीव्ही म्हणालं, कुणी गणपतीचा पाट. अमीना म्हणाली, "आमच्या जमनीर रंग पडता." पोरं हसली. ती चिडली. "खराच पडता! निळो, हिरवो, पिवळो. तांबडो तेवढो नाय. तांबड्याच्या जाग्यार पत्रो आसा."

"मग आपण करूया तांबडो," मी म्हटलं. तोंडातून गेलं खरं. पण त्या पोरीने माझ्याकडे असं बघितलं की आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

काच रंगवायची म्हणजे खास रंग हवेत, ते देवगडच्या बाजारात नव्हते. पतंगी कागद तिथे दिवाळीखेरीज येत नाही. शहरातल्या छंदवर्गात ह्याच कामाला तयार डबे मिळतात, आत सगळं कापून ठेवलेलं, पोरांनी फक्त चिकटवायचं. आम्ही चौकट केली आंब्याच्या खोक्याची. हंगाम संपला की प्रत्येक घराच्या माळ्यावर पुठ्ठ्याची खोकी उरतातच. पुठ्ठा कापून प्रत्येकाने आपापल्या चित्राच्या जाड रेघा केल्या आणि करवंटीचा कोळसा खळीत कालवून त्या काळ्या केल्या. पोरांचे हात, चड्ड्या, गाल सगळं काळं. गुरुजींच्या सदऱ्यावर पण एक पंजा उमटला आणि त्यांनी तो घरी जाईपर्यंत पाहिलाच नाही. रेघांच्या मागे साधा पांढरा कागद, त्यावर तेलखडूचे रंग. आणि कागद काचेसारखा व्हावा म्हणून मागून तेल चोळायचं.

आता कोकणातल्या माणसाला तेल म्हटलं की काय सुचणार? खोबरेल. माझ्याच घरचं, घाण्यावरून आणलेलं, वासानेच भूक लागावी असं. पोरांनी मन लावून चोळलं. कागद असा पारदर्शक झाला की पलीकडचं बोट दिसावं. ओळीने वाळत ठेवून घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर प्रत्येक चित्रावर मुंग्यांची जत्रा. ओंकारने माटवी काढली होती, गणपतीवर टांगतात ती, आणि तिच्यातल्या लालभडक कवंडाळाच्या फळाला उंदराने आरपार भोक पाडलेलं. चौथीपर्यंत शाळा आणि त्यात एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, पण उंदराला खोबरं आवडतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! मी कपाळाला हात लावला. पोरं मात्र हसून लोळली.

अमीनाने मग घरून एक बाटली आणली. उंडीचं तेल, होडीच्या लाकडाला लावतात ते. हिरवट, दाट, आणि वास असा की नाक धरावं. "कडू आसा," ती म्हणाली, "ह्येका कोण तोंड लावणा नाय." कागदावर ते चढलं की पांढरा भागही किंचित हिरवा-सोनेरी व्हायचा, भरती ओसरताना उथळ खाडीचं पाणी दिसतं तसा. आम्ही सगळं पुन्हा केलं. शाळेला कितीतरी दिवस होडीचा वास येत होता.

हे सगळं लावायचं कुठे, हा प्रश्न पोरांनीच सोडवला. खिडक्यांवर पावसाची झड येते. वर बघितलं तर काचेची कौलं. एकेका कौलाच्या मापाचं एकेक चित्र होतंच, कारण खोक्याचा पुठ्ठाही साधारण तेवढाच निघत होता. गुरुजींनी शिडी धरली, मी चढले. खाली पोरं ओरडत होती, "बाई, पडशात!" छपराच्या लाकडी रिपांना टाचण्या मारून मी चित्रं कौलांखाली बसवली आणि खाली उतरले.

आणि मग ऊन आलं. ते कसं सांगू? काठ पुसट होते, रंग अगदी फिके होते, खऱ्या काचेशी त्यांची काही बरोबरी नव्हती. पण शेणाने सारवल्यासारख्या काळपट शहाबादी फरशीवर एक पिवळा-निळा तुकडा उतरला आणि हलू लागला. पोरं बाकावरून उठली. कुणी त्यावर हात धरला, कुणी पाय. ओंकारने सरळ आपली पाटी त्याच्याखाली धरली आणि रंग झेलला. प्रत्येकाचं कौल वेगळ्या जागी, त्यामुळे प्रत्येकाचं ऊन वेगळ्या वेळी. एखाद्याचं प्रार्थनेनंतर, एखाद्याचं जेवायच्या सुट्टीत. पोरं आपापल्या वेळेची वाट बघायची. "माझा इला!" असं ओरडणं वर्गात इतकं रोजचं झालं की गुरुजी बेरजा शिकवताना तेवढ्यापुरते थांबायचे.

त्यातून पोरं शिकली ते मी शिकवलेलं नव्हतं. मनालीचा मोर जमिनीवर उतरला तर पिसारा नुसता काळा. कागदावर इतका झक्क निळा, आणि खाली काळा का? तिने खूप वेळ वर बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाली, "बाई, माझो रंग जाड झालो. ऊन खंयसून येतला?" चित्र उतरवलं, रंग खरवडला, पुन्हा पातळ हाताने लावला. दुसऱ्या दिवशी पिसारा निळा पडला. हळूहळू प्रत्येकाने आपलं चित्र एकदा तरी उतरवून दुरुस्त केलं. कागदावर छान दिसणं वेगळं आणि उन्हाला वाट देणं वेगळं, हे मी कोल्हापुरात फळ्यावर लिहून देऊनही मुलांना कधी समजावता आलं नव्हतं.

राहिली अमीना. तिने तांबोसा काढला होता. तांबडा मासा, तिच्या बापसाला कधीतरी मिळणारा आणि घरात न शिजता थेट बाजारात जाणारा. तांबडा खडू तिने असा घासून घासून लावला की खडू संपला. घरच्या कमानीतल्या पत्र्याचा सगळा राग तिने त्या माशात भरला होता. तिचं कौल पश्चिमेच्या उतरणीवर, त्यामुळे तिचं ऊन शाळा सुटायच्या सुमारास पडणार, फळ्याच्या बाजूला. आणि श्रावणातली दुपार तुम्हाला माहीत आहे. सकाळी लख्ख, आणि मग समुद्रावरून जे आभाळ चढतं ते संध्याकाळपर्यंत हटत नाही. रोज तिची वेळ यायची आणि ढग यायचे. ती फळ्याजवळ फतकल मारून बसायची. घंटा झाली तरी उठायची नाही. बाहेर तिची धाकटी भावंडं हाका मारायची, "अमीने, चल गो!" ती वर बघत म्हणायची, "जरा थांबा रे. सुटता काय बघूया." ढग सुटायचा नाही. वर तिचा मासा काळपटच दिसायचा, पण अशा अंधारलेल्या उजेडात सगळीच चित्रं काळपट दिसतात. मी तिला म्हणायचे, उद्या पडतला. ती मान हलवायची आणि दप्तर उचलायची. एकदाही कुरकुर केली नाही. मीच ढगांना शिव्या घालत घरी जायचे.

त्या दिवसांत मुंबईहून माझ्या ओळखीतली एक बाई आली होती, सुट्टीला देवबागला राहून मग आमच्याकडे. शाळा दाखवली. ती म्हणाली, "छान आहे गं, पण हे नकलीच ना?" मी तिला चहा दिला. नकली तर नकली. खरी रंगीत काच शिशाच्या पट्ट्यांत बसवतात, आम्ही आंब्याच्या खोक्यात बसवली. पण तिच्यामागून येणारं ऊन काय बाजारातून आणलेलं होतं? हे मला ती गेल्यावर सुचलं. राग आला की उत्तरं अशी नेहमी उशिरा सुचतात, निदान माझी तरी.

गणपती जवळ आले तसे चाकरमानी यायला लागले. जयवंतभाऊ त्यांतले पुढारी. आमच्याच वाडीतले, ह्याच शाळेत शिकलेले, मुंबईत चांगला जम बसलेले. वाईट माणूस मुळीच नव्हे. गावावर त्यांचा खरोखर जीव आहे, आणि तेच तर अवघड आहे. वाईट माणसावर चिडायला सोपं पडतं. लहानपणी शाळेचं छप्पर गळून त्यांची पाटी पुसली जायची, ते दुःख त्यांनी आयुष्यभर मनात ठेवलं होतं. म्हणून त्यांनी आणि मंडळींनी ठरवलं, शाळेला छत द्यायचं. कौलं तशीच, त्यांच्याखाली ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि चौकटींत पांढरे गुळगुळीत चौकोन. ऑफिसात असतात तसे. मध्ये दिवे.

सुट्टीचा दिवस गाठून बाहेरची माणसं आली, काम करून गेली. कुणी मला विचारलं नाही, ते ठीक, मी कोण? गुरुजींना नुसतं कळवलं. पोरांना तर विचारायचा प्रश्नच नव्हता, पोरांना कोण विचारतं? माणसांनी चित्रं काढलीही नाहीत. कशाला काढतील, त्यांच्या कामाच्या आड येत नव्हती. चित्रं वर राहिली, कौलंही वर राहिली, आणि खाली पांढरं छत लागलं.

सकाळी पोरं वर्गात आली आणि दारातच थांबली. ओंकारने विचारलं, "आमची चित्रां खंय?" गुरुजी म्हणाले, "आहेत, आहेत. वर आहेत." आणि त्यांनी दिव्यांचं बटण दाबलं. पोरांनी दिव्यांकडे बघितलं. दिवे छान होते, कुणीच नाही म्हणालं नाही. पण त्या दिवशी "माझा इला" असं कुणी ओरडलं नाही, आणि बेरजा मध्ये न थांबता पूर्ण झाल्या.

उद्घाटन दुपारी होतं. फुलांची तोरणं, खुर्च्या, पेढे, रांगोळी. फीत कापली, टाळ्या वाजल्या, जयवंतभाऊ बोलायला उभे राहिले आणि दिवे गेले. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते हे लहान पोरालाही माहीत आहे, फक्त छत देणाऱ्यांना आठवलं नव्हतं. पावसासाठी खिडक्या लावलेल्या, दारात गर्दी, खोलीत मिट्ट काळोख. एवढी वर्षं भर पावसातही ह्या खोलीत पुस्तक दिसायचं, आणि आज बाहेर स्वच्छ ऊन असताना आत माणसाला माणूस दिसेना. कुणीतरी मोबाईलची बॅटरी लावली. जयवंतभाऊ हसत म्हणाले, "लाईटवाल्यांना आमंत्रण द्यायचं राहिलं वाटतं." लोक हसले. आणि त्या हसण्यावरून अमीनाचा आवाज आला, भरतीसारखा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

"बाई, बाहेर ऊन आसा. आता माझी वेळ झाली ना?"

झाली होती. शाळा सुटायचीच वेळ होती, आभाळ निरभ्र होतं, गेले कितीतरी दिवस जे आलं नव्हतं ते ऊन नेमकं तेव्हा छपरावर होतं. आमच्या डोक्यावर, त्या पांढऱ्या चौकोनांच्या पलीकडे, तिचा मासा उतरला होता. छताच्या वरच्या अंगावर. तिथे बघायला पाली आणि उंदीर.

मी उठून उभी राहिले आणि जयवंतभाऊंना म्हटलं, "एक चौकोन काढा. आत्ताच्या आत्ता. त्या पोरीचं ऊन आलंय."

ते जवळ आले, आवाज खाली घेऊन आपल्या बोलीत म्हणाले, "काकी, असा काय करतास? कार्यक्रम चललो आसा. पोरांची चित्रां काय, परत काढतली. छप्पर गळला तर?"

"गळता तर कौलां परततत, फुटकी बदलतत, रे! उजेड कित्याक बुजवलास?"

"काकी, मी ह्या छपराखाली भिजलंय. तुमका म्हायत आसा."

"म्हायत आसा. म्हणान तर तुका सांगतंय."

तेवढ्यात दिवे आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं बोलणं त्यात बुडालं. पेढे वाटले. अमीनानेही घेतला, आणि तो हातात धरून ती फळ्याजवळ वर बघत उभी राहिली. मी तिच्याशी बोलायला गेले नाही. बोलले असते तर रडले असते किंवा कुणाला तरी मारलं असतं, आणि दोन्ही त्या वेळी चाललं नसतं.

त्यानंतर वर्ष गेलं. मी गुरुजींना किती वेळा म्हटलं, एक चौकोन सरकवू या. ते म्हणायचे, "बाई, देणगीची वस्तू आहे. तोडली असं होईल. मला इथे राहायचंय." त्यांचंही खरं. कुठल्या कुठून आलेला माणूस, गावाशी वैर कशाला घेईल? मुंबईला फोन केला तर जयवंतभाऊ प्रेमाने म्हणायचे, "काकी, गणपतीत इल्यार बघूया." दिवाळी गेली, शिमगा गेला, आंबे आले आणि खोक्यांत भरून गेले. परीक्षा झाल्या. अमीना पास होऊन हायस्कूलला गेली. आणि ह्या पावसात काय झालं ऐका. कौलं कुणी परतलीच नाहीत, कारण छत आहे ना! पाणी छतावर साचतं, चौकोन पोट आल्यासारखा खाली फुगतो, आणि गुरुजी त्याच्याखाली बादली ठेवतात. जयवंतभाऊंच्या लहानपणचं गळणं तसंच राहिलं, फक्त आता ते दिसत नाही. उजेड गेला आणि पाणी राहिलं. ह्याला लोक सुधारणा म्हणतात. माझ्या तोंडून जे शब्द येतात ते मी इथे लिहीत नाही.

हे सगळं आज फोडशी निवडताना एकदम वर आलं. भाजी तशीच टाकली, चपला घातल्या आणि शाळेकडे निघाले. का निघाले ते सांगता येणार नाही. दुपार टळत होती, सर नुकतीच गेलेली, वाटेवर तेरडा माजलेला. शाळा सुटलेली, गुरुजी कुलूप घेऊन दारात उभे. आणि खिडकीच्या गजांना धरून, हायस्कूलच्या नव्या युनिफॉर्ममध्ये, अमीना आत बघत होती.

"काय गो, हंय काय करतस?"

ती दचकली नाही. "काय नाय, बाई. ऊन आसा त्या दिवशी वाटेत थांबतंय." मग छताकडे बोट करून म्हणाली, "आता पडला असतला."

म्हणजे ही पोर हायस्कूलला गेल्यावरही येत होती. आपल्याला न दिसणाऱ्या उन्हाची वेळ पाळत होती, आणि मी फोनवर परवानग्या मागत होते.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुम्ही जरा विहिरीपर्यंत जाऊन या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग दार पुन्हा उघडलं, कुलूप खिशात टाकलं आणि खरोखरच विहिरीकडे गेले.

आम्ही आत गेलो. बाक ओढला, त्यावर मी चढले. छपराची जळमटं काढायची लांब काठी कोपऱ्यात होती, ती अमीनाने दिली. मी एका चौकोनाला टेकवली. "ह्यो नाय, बाई. तेच्या बाजूचो. फळ्याकडचो." तिला पक्कं ठाऊक होतं. मी काठीने तो चौकोन वर उचलला, तिरका केला आणि खाली ओढला. माझ्या डोक्यावर लेंड्या, माती, वाळलेली पाल, वर्षभराचा कचरा कोसळला. खोकत खोकत खाली उतरले. वर काळोखात काचेचं कौल चमकत होतं आणि त्याच्याखाली चित्र होतं. उंडीच्या तेलाला खरंच कुणी तोंड लावलं नव्हतं.

ढग आला. आम्ही दोघी फरशीवर बसलो, ती फतकल मारून, मी बाकाला टेकून. मग तो हटला आणि ऊन खाली आलं.

हिरवट सोनेरी पाण्यासारखा उजेड पडला फरशीवर, पुसट काठांचा, थरथरणारा. आणि त्याच्या मधोमध एक मासा. शेपटी, कल्ले, उघडं तोंड, सगळं नीट. पण काळा. कोळशासारखा काळा. तांबड्याचा कणसुद्धा नाही.

अमीना ओणवी झाली. तिने हात त्या माशावर ठेवला, मग वर बघितलं, पुन्हा खाली. मला वाटलं आता ती रडेल.

"बाई," ती म्हणाली, "रंग जाड झालो. तांबडो पातळ लावूक होयो होतो."

मनालीला हे एका दिवसात कळलं होतं. ओंकारला एका दिवसात. प्रत्येक पोराने आपली चूक बघितली, खरवडली, दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी आपला रंग जमिनीवर बघितला. ह्या पोरीला आपली चूक बघायला वर्ष लागलं, कारण तिच्या आणि तिच्या चुकीच्या मध्ये आम्ही मोठ्या माणसांनी एक सुंदर छत बसवलं होतं. कौतुक नका करू पोरांचं, बक्षिसं नका देऊ, पण त्यांनी केलेलं त्यांना बघू तरी द्या! एवढं साधं मागणं आहे, आणि त्यासाठी मला साठीनंतर बाकावर चढून डोक्यावर पाल पाडून घ्यावी लागली.

"मी परत करतंय," अमीना म्हणाली. "खोको आसा तुमच्याकडे?"

"माळ्यार पडलेत. किती होये तितके ने."

तेल तिच्या घरी होतंच. उद्या शाळा सुटल्यावर ती येणार आहे, आणि शिडीवर पुन्हा मीच चढणार आहे. गुरुजी परत आले तेव्हा त्यांनी भोकाकडे बघितलं, फरशीवरच्या काळ्या माशाकडे बघितलं, आणि बादली उचलून दुसऱ्या चौकोनाखाली नेऊन ठेवली.

काढलेला चौकोन मी घरी घेऊन आले. न्हाणीघराशेजारी सरपणाची फाटी रचलेली आहेत, पावसात भिजतात. त्यांच्यावर तो घातलाय, अगदी मापात बसला. गणपतीत जयवंतभाऊ येतील. त्यांना हवा असेल तर त्यांनी माझ्या दारात येऊन मागावा. आधी मी त्यांना शाळेत नेईन, फळ्याजवळ फरशीवर बसवीन, आणि तांबडं ऊन पडेपर्यंत उठू देणार नाही.